साहेबांचं खाकरणं

माझा आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत पोरी म्हणायच्या, हिच्या घशात ट्रॅक्टर हाय. आईनं हळद-दूध पाजलं, मावशीनं ज्येष्ठमध चघळायला दिला, डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं आन् सांगितलं की दुखणं काहीच नाही, पोरगी अशीच हाय. मग मी म्हटलं, अशीच हाय तर वाया कशाला घालवायचं. हेडमास्तर, एस.टी.चा कंडक्टर, बाजारात उंदराचं औषध विकणारा, गल्लीतला दूधवाला, सगळे माझ्या गळ्यात राहायला आले. भाडं न देता.

माझ्या वडलांचं मंडप आन् साऊंडचं काम. आमी त्यांना दादा म्हणतो. आमच्या तालुक्याच्या गावात लग्न असो, सप्ता असो की सभा, भोंगे आमचेच. त्यामुळं साहेबांचा आवाज मी लय जवळून ऐकला. साहेब म्हणजे आमच्या भागाचे आमदार. ते समोर स्टेजवर आन् मी मागं, पडद्याआड, ॲम्प्लिफायरच्या पेटीशेजारी फ्रॉक सावरत बसलेली. बोलायला सुरुवात करायच्या आधी साहेब खाकरायचे. पहिलं खाकरणं लहान, कोरडं. मग जरा थांबायचे. मग दुसरं, पोटातून, लांब, कुणीतरी फरशीवरून जड पेटी ओढत न्यावी तसं. त्या वेळी दादांचा हात बटनावर असायचा, न्हाईतर भोंगा फाटला असता.

आमच्याकडं घरातला मोठा माणूस दारात आला की खाकरतो. आत बाया बोलत बसलेल्या असतात, पदर खांद्यावर आलेला असतो, एखादी हसत असते. खाकरणं ऐकू आलं की पदर डोक्यावर जातो, बोलणं तिथंच तुटतं, एकदोघी उठून आत जातात. आता निम्म्या बाया ड्रेस घालतात, पण ओढणी सावरतातच. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी स्टेजवर खाकरलं की पुढच्या सतरंजीवरच्या बाया गप व्हायच्या, तेव्हा मला वाटायचं साहेबांचा दरारा लय भारी हाय.

मी नववीत असताना साहेब गेले. छातीत कळ आली, परभणीला नेता नेता वाटेतच. त्यांच्या अंत्यविधीला भोंगे आमचेच होते. ताईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. ताई म्हणजे त्यांच्या मालकीणबाई. तोवर त्या कुठल्या स्टेजवर दिसल्याच नव्हत्या. बी.ए. झालेल्या होत्या म्हणे, पण घरातच. त्या बाजूला बसलेल्या, पदर नाकापर्यंत ओढलेला, आन् गर्दीतून पोरं त्यांच्या नावाच्या घोषणा द्यायलेली. चिता अजून पेटलेली होती. पुढं पक्षानं त्यांना तिकीट दिलं, त्या निवडून आल्या. पुढच्या खेपेलाही आल्या, आन् त्या वेळी राज्यमंत्री झाल्या. आमच्या गावात जेसीबीतून फुलं उधळली. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर साहेबांचा फोटो दाराएवढा आन् ताईंचा पासपोर्टएवढा.

मंत्री झाल्यावर ताईंनी कामं केली, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. फक्त कौतुकाची रीत न्यारी होती. दवाखान्याचं उपकेंद्र झालं, साहेबांचं स्वप्न पूर्ण झालं. पोरींसाठी फाट्यावर एस.टी. थांबायला लागली, साहेबांचं स्वप्न पूर्ण झालं. पाण्याची टाकी झाली, तिच्यावर तर रंगवूनच टाकलं. मी एकदा दादांना म्हटलं, एवढी स्वप्नं पडायची म्हणजे साहेब झोपत होते तरी किती. दादांनी वायरनं मारल्यासारखं केलं, पण हसले.

मग तिसरी निवडणूक आली. मी तोवर कॉलेज संपवून घरीच होते. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मी साहेबांचा आवाज काढला होता आन् कुणीतरी त्याचा व्हिडिओ फिरवला. त्यात मी पंजाबी ड्रेसमध्ये, दोन वेण्या घातलेली, आन् तोंडातून मेलेला आमदार बोलायलाय. लोक हसले असते तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. व्हिडिओत माझ्यामागं बसलेल्या दोन म्हाताऱ्या माना खाली घालून रडायल्या होत्या.

तो व्हिडिओ बघून काका आमच्या घरी आले. काका म्हणजे साहेबांचे स्वीय सहायक, साहेबांनंतर तेच ताईंचे. दोन फोन, पांढरी सफारी, आन् साहेबांचं नाव निघालं की आपोआप खाली जाणारी नजर. त्यांनी चहा घेता घेता काम सांगितलं. ताईंच्या दिवसाला चारपाच सभा. त्या कधीच वेळेवर पोचत नाहीत, कोणताच पुढारी पोचत नाही. तोवर गर्दी उठून जाऊ नये म्हणून कुणीतरी सभा धरून ठेवायला लागते. आधी हे काम एक शाहीर करायचे, ते आता थकले. तर तू धर. आईला पसंत नव्हतं. दादा म्हणाले, भोंगे आपलेच हेत, बसली तर तिथंच बसंल ना.

पहिल्याच सभेत मला कळलं की कंडक्टर न् हेडमास्तर करून सभा दहा मिनिटं धरता येते, पण साहेब केले की ती आपणहून धरून बसते. पोरं मोबाईल खाली ठेवायची. माणसं डोळे मिटायची, कारण डोळे उघडे ठेवले तर समोर मी दिसायचे. मी साहेबांच्या भाषणातलीच वाक्यं म्हणायचे, पाण्याची, रस्त्याची, माझ्या मायमाउल्यांनो. पुढं मला सुचलं की सुरुवात खाकरण्यानं करावी. पहिलं लहान. थांबायचं. मग दुसरं. माईकवर ते इतकं खरं आलं की दादांचा हात जुन्या सवयीनं बटनाकडं गेला. पुढच्या बायांचे पदर एकदम वर गेले, वाऱ्यानं ज्वारी एका अंगाला झुकावी तसे. सगळीकडं शांत. मला लय मजा आली. काका खूश. ते म्हणाले, पोरी, येवढं पाहिजेच, हे सोडू नको.

तिथून सभेगणिक गोष्टी विचित्र व्हायला लागल्या. स्टेजवरून उतरले की लोक माझ्याकडं अर्ज घेऊन यायचे. माझ्या हातात द्यायचे, पण बघायचे माझ्या गळ्याकडं. एका गावात शाल-नारळ ताईंच्या आधी मलाच दिलं, आन् ताई गाडीतून उतरून उभ्याच. दुसऱ्या एका गावात सभा संपल्यावर एक म्हातारी आली. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचे हात भाजलेल्या शेंगांसारखे खरखरीत होते. हळूच विचारलं, साहेब, तिकडं आमच्या मालकाची गाठ पडली का? अजून रागात हेत का ते?

गावठी विनोद आठवले, एकही जिभेवर आला नाही. घाबरून घसा साफ केला, निस्ता घसा साफ केला, पण तो साहेबांचाच निघाला. म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला.

"म्हंजे रागातच हेत," ती म्हणाली आन् निघून गेली.

मी तिच्यामागं पळणार होते. पण काय सांगणार होते, आन् कोणत्या आवाजात?

ताईंची गाडी गावाच्या शिवेवर आली की भोंग्यातून साहेब बोलत असायचे. त्या खाली उतरायच्या तेव्हा पदर डोक्यावर असायचा आन् तो भाषणभर तिथंच राहायचा. त्यांचं भाषण बारीक आवाजात व्हायचं, मधेमधे तुटायचं. त्या बोलायला लागल्या की लोक चपला शोधायला लागायचे. ज्यांच्यासाठी आले होते ते ऐकून झालेलं असायचं. काका म्हणायचे ताईंना सभा जमत नाही, त्यांचा स्वभावच नाही तो. मलाही तसंच वाटायचं. मी काय, भोंग्याच्या मागची.

एका दुपारी त्यांनी मला आपल्या गाडीत बसवलं. पुढं ड्रायव्हर, मागं आमी दोघी, मधे पेरूची पिशवी. काका दुसऱ्या गाडीत होते. गाडीत ताई वेगळ्याच निघाल्या. पेरूला तिखट-मीठ लावून देत होत्या आन् एका एका पुढाऱ्याची अशी उडवत होत्या की मला पोट धरून हसायला आलं. विरोधी उमेदवाराला म्हणाल्या तोंडात साखर ठेवलेलं माकड. मला विचारलं, लग्न कधी करणार, का आवाज ऐकूनच पोरं पळतात? मी म्हटलं पळत नाहीत, सलाम करतात. मग मी त्यांना अजून हसवावं म्हणून, माझी अक्कल बघा, खाकरले. पहिलं लहान. थांबले. मग दुसरं.

ताईंचा पदर डोक्यावर गेला होता. हातातली पेरूची फोड खाली पडली होती. त्यांच्या ओठांवर अर्धं वाक्य तसंच राहिलं होतं, तोंड जरासं उघडं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं आन् आरसा हळूच दुसरीकडं वळवला.

मग ताईंनी पदर खाली घेतला, हळूहळू, जसं काही कुणी बघत असेल तर त्याला कळू नये. आन् मग त्या सांगायला लागल्या. मंत्रालयात पहिल्यांदा त्यांना केबिन मिळाली तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या पोरींसाठी वसतिगृहाची फाईल होती. त्या अधिकाऱ्यांना सांगायला लागल्या होत्या की आईबाप कोयता घेऊन गेले की पोरी शाळा सोडून भाकरी थापायला त्यांच्यासोबत जातात, तर त्यांची इथंच सोय पाहिजे. तेवढ्यात दारात एक मोठे मंत्री आले, वयस्कर, भले गृहस्थ, आन् आत यायच्या आधी सभ्यपणानं खाकरले. ताईंचा हात डोक्यावर गेला. बोलणं तुटलं. ते तुटलेलं वाक्य त्यांना पुन्हा जुळवताच आलं नाही. फाईल वर्षभर मागं गेली.

"मंत्री झाले, गाडी आली, पोलीस आले पुढं-मागं," त्या म्हणाल्या. "पण दारात कुणी खाकरलं की मी आतल्या खोलीत. ते जाऊन इतकी वर्षं झाली ग. अजून दारातच उभे हेत."

मी विचारलं, साहेब घरी कसे बोलायचे. मला वाटलं घरचा आवाज वेगळा असेल, तो शिकून घ्यावा. ताई म्हणाल्या, बोलायचेच कुठं. खाकरायचे. चहा पाहिजे असला तरी, जेवायला वाढा म्हणायचं असलं तरी, आन् माझं एखादं बोलणं आवडलं नाही तरी. आमी सगळ्या ओळखायचो कोणतं कशाचं. वाईट माणूस नव्हते, ताई म्हणाल्या. कधी हात उचलला नाही. निस्तं खाकरायचे.

त्यानंतर मला त्या आवाजाची भीती वाटायला लागली. पण तो आता मी बोलवायची वाट बघत नव्हता. प्रचारातून घरी आले, चप्पल काढता काढता दारात खाकरले, आन् आत भाजी निवडत बसलेल्या आईचा पदर वर गेला. तिनं वळून बघितलं, मी दिसले, तर मेथीची जुडी फेकून मारली. आमी दोघी हसलो. मग आई हसायची थांबली आन् म्हणाली, हे घरात नको आणू बाई. दादांनी सांगितलं की पहाटं त्यांना शेजारच्या खोलीतून साहेब ऐकू आले. ते उठून बसले, मोठ्या माणसासमोर बसावं तसे पाय आखडून. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या खोलीत मी झोपलेय. मी बोलताना घसा साफ करायचंच सोडून दिलं. कफ साठला तर पाणी प्यायचे. तरी तो घशाच्या तळाशी बसलेला जाणवायचा, आपली पाळी यायची वाट बघत.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बाजार मैदानावर मोठी सभा होती. आदल्या दिवशी ताईंनी काकांना सांगितलं की उद्या माझ्याआधी कुणी बोलणार नाही. पोरगी आवाज काढणार नाही. साहेबांची फिल्म दाखवायची नाही. मी स्टेजवर लवकर येते, सुरुवातीपासून मीच बोलते. मी तिथंच होते, वायरी गुंडाळायले होते. काकांचा चेहरा असा झाला जसं कुणी घरातला देव्हारा हलवायला सांगितला. त्यांनी समजावलं की ताई, लोक साहेबांना ऐकायला येतात. ताई म्हणाल्या, ते मला माहीत हाय.

"सून म्हणून आले ह्या गावात," त्या म्हणाल्या. "एक सभा माझी होऊ द्या काका. मग पडले तरी चालंल."

काकांनी फिल्मवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. एवढंच, की त्यांनी प्रचाराच्या रिक्षांना काही सांगितलं नाही. मुद्दाम नाही. खरंच त्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही आलं नाही. काकांनी करून घेतलेलं, साहेबांच्या आवाजातलं माझं रेकॉर्डिंग आठवड्यापासून त्या रिक्षांवर फिरत होतं. सकाळी भोंगा लावायचा, संध्याकाळी प्रचार बंद होईस्तोवर ते चालूच. कानाला इतकं सवयीचं झालेलं की ते आता वाजायलंय हेही कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई खरंच लवकर आल्या. लोक अजून येतच होते. त्या माईकपाशी उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर. मग पुढच्या बायांना विचारलं, सकाळचा सैपाक करून आलात का घरच्यांवर सोपवून आलात. बाया हसल्या. तिथून त्या बोलत गेल्या. भाषणासारखं नव्हतं ते. वट्ट्यावर बसून सांगावं तसं. वसतिगृहाची फाईल कशी अडली, मग दुसऱ्या वर्षी ती कशी काढली, कुणाकुणाच्या दारात बसल्या. काय जमलं नाही तेही सांगत होत्या. बाया मधेच उत्तरं द्यायल्या होत्या, हो ताई, खरं हाय ताई. मागची माणसंही बसून होती. दादा माझ्या कानात म्हणाले, ह्या बाईला तर येतंय की बोलायला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. ताई एका पोरीची गोष्ट सांगायला लागल्या. वसतिगृहातल्या. त्या पोरीनं ताईंना काहीतरी म्हटलं होतं, आन् ताई म्हणाल्या, ती मला म्हणाली,

तेवढ्यात मैदानाच्या कडेच्या रस्त्यानं रिक्षा आली.

पहिलं लहान. थांबलं. मग दुसरं.

मैदानावरचे पदर वर गेले. मी पडद्यामागं बसलेली, माझी ओढणी माझ्या डोक्यावर होती आन् ती मी घेतल्याचं मला आठवत नाही. माझंच रेकॉर्डिंग, माझाच घसा. मागून साहेब म्हणाले, माझ्या मायमाउल्यांनो. ताईंचा हात वर निघाला होता. खांद्यापर्यंत आला. कानापर्यंत आला. तिथं पदराचा काठ धरून थांबला. भोंग्यातून साहेब बोलतच होते, पाण्याचं, रस्त्याचं. ताईंनी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. रिक्षाकडं नव्हे, तिच्या जरा वर, उभ्या माणसाचं तोंड असतं तिथं.

"साहेब, बसा आता," त्या माईकवर म्हणाल्या. "मी बोलायलेय."

आन् हात खाली घेतला.

कुठूनतरी एक म्हातारी खुदकन हसली. ती एकटीच. रिक्षा पुढं गेली, आवाज बारीक झाला, चौकाकडं वळला. मैदानावर असं शांत झालं की आमच्या पेटीतली घरघर ऐकू यायला लागली. मग मागं एक पटकेवाले आजोबा उठले. धोतराची माती झटकली आन् स्टेजकडं न बघता चालू लागले. त्यांच्यामागं अजून काही माणसं उठली. कुणी ओरडलं नाही, कुणी काही फेकलं नाही. बायकोनं नवऱ्याला चारचौघांत खाली बसवलं, आन् तेही मेलेल्या नवऱ्याला, अशा ठिकाणी बसायचं नसतं म्हणून उठले, बस. ताई पुढं बोलत राहिल्या. पुढच्या काही बायांनी पदर खाली घेतला, काहींनी नाही. मी काय ऐकलं म्हणाल तर काहीच नाही. माझ्या कानात ते दुसरं खाकरणंच फिरत होतं.

संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर होता. ताईनं साहेबांना खाली बसवलं. कटिंगच्या दुकानात तेच, चहाच्या टपरीवर तेच. ज्यांनी ताईंच्या थांब्यावरून पोरी शाळेत धाडल्या तेही म्हणायले की कामाच्या हेत, पण असं बोलायला नको होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते ताईंना म्हणाले की सकाळी साहेबांच्या समाधीवर हार घाला, फोटो काढू, मिटून जाईल. ताईंनी सांगितलं की हार मी दर वर्षी घालते, या वेळी फोटोसाठी न्हाई घालणार.

ताई पडल्या. कुणी म्हणतं सोयाबीनच्या भावानं पडल्या, कुणी म्हणतं समोरच्यानं जातीचं गणित जमवलं, कुणी म्हणतं त्या एका वाक्यानं. मला माहीत नाही. त्यांना माहीत असेल तर त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

निकालानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दादा त्यांच्या अंगणातला मंडप काढायला गेले. विजयाच्या सभेसाठी आधीच घालून ठेवला होता. मीही गेले. जिथं गाड्या लावायला जागा नसायची तिथं कोंबड्या फिरायल्या होत्या. काका दिसले नाहीत. पोरं बांबू सोडायला लागली आन् ताईंनी खिडकीतून मला आत बोलावलं. स्वतःच चहा ठेवला. बैठकीच्या खोलीत आमी बसलो, तिथं साहेबांची मोठी खुर्ची होती, ती रिकामी, तिच्यावर नेहमीसारखा टॉवेल घातलेला. आमी दोघी तिच्याकडं पाठ करून बसलो. ठरवून नाही, तसंच बसणं झालं.

ताई म्हणाल्या, तू इतक्यांचे आवाज काढतीस, माझा काढ.

मी म्हटलं काढते की. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. इतके दिवस मी त्यांच्या सभा धरल्या, त्यांच्या गाडीत बसले, त्यांचे पेरू खाल्ले. कुठं श्वास घेतात, कोणता शब्द ओढतात, कोणता गिळतात, यातलं मला एकही माहीत नव्हतं. एका मिनिटात दूधवाला उचलणारी मी. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर घशाच्या तळातून तेच वर यायला लागलं, म्हणून मी घाईनं चहा प्याले आन् जीभ भाजून घेतली.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, त्या दिवशी रिक्षा आली तेव्हा मी काय सांगायले होते, आठवतं का?

मी म्हटलं, एका पोरीचं काहीतरी.

"काय म्हणाली ती पोरगी?"

मला सांगता आलं नाही. ताईंनी मान हलवली, जसं काही हे त्यांना माहीतच होतं, त्यांनी अजून बऱ्याच जणांना विचारून बघितलं असावं. मग त्यांनी कप खाली ठेवला आन् ती गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली. वसतिगृहाच्या पहिल्या दिवशी त्या गेल्या होत्या. एक पोरगी पत्र्याची पेटी घेऊन दारातच बसून राहिलेली, आत यायला तयार नाही. ताईंनी जवळ बसून विचारलं. तर ती म्हणाली, आत कोणकोण हेत? मी कुणासमोर जोरात बोलू शकते ते आधी सांगा.

ताई सांगत होत्या आन् मी ऐकत होते. वाक्याच्या मधेच त्या श्वास घेतात, क्रियापदाच्या जरा आधी, आन् तिथं एक पळभर दाराकडं बघतात. मग पुढचा शब्द हळू टाकतात, जिना अंधारात उतरावा तसा. हे मला उचलायचं होतं. आवाज उचलता आला असता. ते दाराकडं बघणं कसं उचलायचं ते कळत नव्हतं.

पोरीला त्यांनी काय उत्तर दिलं, ते सांगायला त्यांना वेळ लागला. मधे दोनदा थांबल्या. बाहेर मंडपाचं कापड खाली आलं आन् खोलीत एकदम ऊन पडलं. दादा मला हाका मारायले होते, टेम्पो भरला होता. मी उठले नाही, ताईंचं वाक्य अजून संपायचं होतं.